शेवटच्या रांगेला ऐकू जावं म्हणून

हे मी स्वतःच्या हाताने लिहिलंय. पहिल्या पानावर अक्षर ज्वारीच्या दाण्याएवढं आहे, तिसऱ्या पानावर ते राळ्याएवढं झालं, म्हणून लेकीने टाइप करून घेतलं. या आजारात अक्षर असंच बारीक होत जातं. सुजाता, माझी लेक, म्हणाली होती, "माय, तू बोल, मी लिहिते." मी म्हटलं, न्हाई. वयाच्या चौतिसाव्या वर्षी अक्षर शिकले मी, इतक्या सहज सोडणार नाही.

माझं नाव शांताबाई. गाव खटकचिंचोळी, तालुका भालकी. बावीस वर्षं बिदरच्या कोळार औद्योगिक वसाहतीत बियाण्याच्या गोदामात कामाला होते. बियाणं निवडायचं, पोती शिवायची. तिथेच साक्षरता वर्गाच्या बाई यायच्या. त्यांच्याकडे शिकले आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने वाचलं ते पोत्यावरचं लेबल. तूर. दोनच अक्षरं, पण मी ती चार जणींना ऐकवली. पुढे गावी परतल्यावर विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन माझ्याकडे आलं. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने, रोज संध्याकाळी साडेसातला, एक तास. अकरा वर्षं मी वाचते आहे. घरात, शेतात, गोदामात माझं कुणी फारसं ऐकलं नसेल, पण त्या तासात सगळी वस्ती माझं ऐकायची. आजाराने हात नेला, चाल नेली, त्याचं मला फार वाटलं नाही. त्याने आवाजाला हात घातला तेव्हा मात्र मी रडले.

वास

कंपवात हाताने येतो असं सगळे समजतात. माझा नाकाने आला. गोदामात बियाण्याला लाल भुकटीचं औषध चोळतात. त्याचा वास असा उग्र, की नवीन बाई पहिला आठवडा नाकाला पदर लावूनच काम करते. एके दिवशी शेजारची बाई खोकत बाहेर पळाली आणि मी आपली दाभण चालवत बसले. मला कसलाच वास आला नाही. मनात म्हटलं, चला, सवय झाली. पुढे घरी फोडणी करपली तरी मला पत्ता नाही, तेव्हा हे ओरडले, "नाकात बोळे घातलेस काय?"

हे म्हणजे माझे मालक, माणिकराव. जन्मभर गवंडीकाम केलं, त्यामुळे आवाज चढाच.

मग लग्नाच्या एका व्हिडिओत सुजाताला दिसलं, की चालताना माझा उजवा हात हलतच नाही, नुसता लोंबतोय. आम्ही हसलो. वर्षभरात तोच हात बसल्याजागी थरथरायला लागला. शेजारीण म्हणाली, "शांताबाई, बाहेरचं काही हाय का बघा." मी म्हटलं, "आमच्या घरात बाहेरचं येत न्हाई बाई, आतलंच लई हाय." असं म्हणायला म्हटलं, पण त्या दिवसापासून मी हात पदराखाली लपवायला लागले.

जिलेबी

सुजाता कडगंचीच्या विद्यापीठात कार्यालयात कामाला आहे. तिने कलबुर्गीला मेंदूच्या डॉक्टरांकडे नंबर लावला. आम्ही तिघं गेलो.

डॉक्टरांनी मला अंगठ्यावर बोट आपटायला लावलं. लांब पॅसेजमध्ये चालवून आणलं, मागे उभं राहून खांद्याला हलकाच हिसका दिला. मग कागद पुढे केला आणि म्हणाले, जिलेबी काढा. मी काढली. बाहेरचा वेढा मोठा, आतले सगळे एकमेकांवर चढलेले. त्यांनी ती पाहिली आणि सांगितलं, कंपवात. इंग्रजीत पार्किन्सन. बरा होत नाही, पण सांभाळता येतो. पुष्कळ वर्षं सांभाळता येतो.

माझ्या कानात 'बरा होत नाही' एवढंच शिरलं. यांना मात्र भलतीच शंका. "साहेब, मशीन न्हाई लावलं, रगत न्हाई काढलं. जिलेबीवरून रोग कळतो व्हय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "अप्पा, तुम्ही काय काम करता?"

"गवंडी."

"भिंत वाकडी आहे हे कसं ओळखता?"

"पैले नजरंनं. मग ओळंबा लावून."

"ही माझी नजर झाली. आता देतो ती गोळी म्हणजे ओळंबा. गोळीने फरक पडला, तर भिंत मी म्हणतो तशीच आहे."

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "माणूस कामातला हाय." मी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला होता, मला वाचता येईल का? ते म्हणाले, येईल की, डोळ्यांना काही होत नाही. मला मोठ्याने वाचण्याबद्दल विचारायचं होतं. पण दुसऱ्यांदा विचारायचा धीर झाला नाही.

गोळीने फरक पडला. पहिले पंधरा दिवस उलट्या झाल्या, तेव्हा फोन केला. तिकडून सांगितलं, काही दिवस काहीतरी खाऊन मग गोळी घ्या, पोट सरावेल. यांनी ते असं मनावर घेतलं, की त्या दिवसापासून माझ्या गोळीचे कारभारी तेच झाले. संध्याकाळी साडेसहाला तुरीचं घट्ट वरण, त्यावर तूप, भाकरी, नाहीतर एक अंडं. पावणेसातला पेलाभर दूध आणि दुधासोबत गोळी. "ताकद नसली तर औषध कशाला लागंल?" जन्मात चूल न पेटवलेला माणूस वरणाला फोडणी द्यायला शिकला. वास मला येत नव्हता, पण फोडणी चुरचुरलेली ऐकू यायची.

हस की गं

या आजारात तोंड ताठ होतं. आत हसू येतं, बाहेर पोचत नाही. बायका म्हणायला लागल्या, शांताबाईला गर्व झालाय, बघून बघितलं न्हाई असं करती. हे कधी काही गमतीचं सांगायचे आणि माझ्याकडे बघून हिरमुसायचे. "हस की गं."

"हसायलेच की."

"कुठं हसायलीस?"

यावरून आमची खरीखुरी भांडणं झाली. माझ्या ब्लाउजची बटणं लावायला त्यांना दहा मिनिटं लागायची, त्यांचे हात गवंड्याचे. मी चिडायचे, ते चिडायचे. सुजाता रजा काढून काढून थकली, एकदा बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टेकून तशीच झोपली. कुणी कुणाला दोष देत नव्हतं, पण घरात सगळेच दमलेले होते. ज्यांच्या घरात हे चालू आहे त्यांना एवढंच सांगते, चिडचिड म्हणजे माया आटली असं नव्हे. आमच्याकडे दोन्ही एकाच ताटात होत्या.

आणि दवाखान्यातल्या एका माणसाला विसरू नये. दर तीन महिन्यांनी जायचे तेव्हा नाव पुकारणारा शिपाई नाव घ्यायचा आणि थांबायचा. आमच्यातल्या प्रत्येकाला बाकावरून उठायला वेळ लागतो हे त्याला माहीत होतं. तो पुन्हा ओरडायचा नाही, पुढचं नावही घ्यायचा नाही. नुसता दाराला हात लावून उभा राहायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, याचं वाईट वाटतं.

कांदे घेणारा माणूस

तिथेच भाग्यश्री भेटली. आळंदकडची मुलगी, कंपवाताच्या संशोधनात काम करायची. तिचं मराठी कानडी वळणाचं, माझं कानडी मराठी वळणाचं, त्यामुळे आमचं छान जमलं. तिने सांगितलं, या आजारात आवाज का खोल जातो आणि दिवसभरात तो कसा कमीजास्त होतो, याचा अभ्यास चाललाय. नवीन औषध नाही, सुई नाही. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी फोनमध्ये आवाज भरायचा आणि वहीत नोंद करायची.

हे लगेच म्हणाले, "आमच्यावर प्रयोग करायले काय?" भाग्यश्रीने कागद काढला आणि कानडीतली ओळन् ओळ मराठीत करून ऐकवली. आवडलं नाही तर कधीही सोडता येईल, हेही सांगितलं. मी विचारलं, "यात मला काय मिळंल?"

ती म्हणाली, "खरं सांगू का अम्मा? तुम्हाला मिळंल का नाही, माहीत नाही. पुढं कुणाला तरी मिळंल."

मला ती मुलगी त्याच वाक्याला आवडली. मी सही केली. अंगठा नव्हे, सही.

मराठीत वाचायचा उतारा त्यांच्याकडे नव्हता, तो तिने माझ्यासाठी करून आणला. 'एक माणूस बाजारात गेला. त्याने कांदे घेतले, लसूण घेतला. वाटेत त्याला पाऊस लागला.' संपला उतारा. ज्येष्ठापासून रोज सव्वासातला मी तो वाचायचे. पुढे पुढे मला त्या माणसाची काळजीच वाटायला लागली, चार महिने झाले तरी बिचाऱ्याचे कांदे काही घरी पोचले नाहीत.

वहीत हात, पाय, आवाज यांच्यापुढे चांगला, बरा, वाईट असं लिहायचं होतं. पहिला आठवडा वही यांनी भरली. सगळीकडे चांगला, चांगला, चांगला. मी विचारलं, असं कामून लिहिलं? तर म्हणे, "परक्याच्या कागदावर घरचं वाईट कशाला लिवायचं?" तेव्हापासून वही मी ताब्यात घेतली.

मान हलवणारे

आवाज हळूहळू खोल जायला लागला होता, पण गेल्या वर्षी आषाढ पौर्णिमेला मी वाचायला बसले तेव्हा तो छान लागला. मला वाटलं, चला, निभावेल. दुसऱ्या दिवशी आवाज पुन्हा घशाच्या आत. माईक होता, पण पुटपुटणं माईकमधून गेलं की मोठं पुटपुटणं होतं, एवढंच. लोक अर्धा तास बसायचे, मग मागची रांग कुजबुजायला लागायची.

आमचे हे कायम शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून. मी मान वर केली की ते जोरजोरात मान हलवायचे. घरी विचारलं की म्हणायचे, "लई चांगलं झालं. सगळं ऐकू आलं."

भाद्रपद लागल्यावर एकदा ताठ बोटांनी दोन पानं एकदम उलटली. मला कळलं ते पुढचं पान निम्मं वाचून झाल्यावर. मी घाबरून वर पाहिलं. कुणाच्याही चेहऱ्यावर काही नाही. हे मान हलवतायत. घरी आल्यावर विचारलं, "आज कसं झालं?"

"लई चांगलं. सगळं ऐकू आलं."

"दोन पानं सुटली आज. कळलं न्हाई?"

ज्या माणसाने तो ग्रंथ दहा वर्षं ऐकला, ज्याला मी चुकले की पुढची ओळ सांगता यायची, तो माझ्यापुढे खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "ऐकूच येत न्हाई गं मला. तुझ्या व्हटाकडं बघून मान हलवतो."

मला राग आला नाही. पण निदानाच्या दिवशी रडले नव्हते ती त्या दिवशी रडले.

दोन दिवसांनी विहार समितीचे मिलिंद अण्णा घरी आले. चहा घेतला, मग पेल्याकडे बघत म्हणाले, "अक्का, तुमच्याबद्दल सगळ्यांना आदर हाय. पण लोक उठून जायलेत. येत्या पौर्णिमेपर्यंत तुम्ही वाचा. त्याच्यानंतर..." मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार? खरं तेच ते सांगत होते.

तुम्ही पौर्णिमेला काय करता?

भाद्रपद पौर्णिमेला आवाज पुन्हा छान लागला. लोक म्हणाले, पौर्णिमेचा गुण. शेजारीण म्हणाली, चंद्राचा. हे म्हणाले, पांढरी साडी नेसली की मन शांत होतं, त्याचा. मलाही तेच वाटत होतं. मनात म्हटलं, बरं झालं, शेवट गोड झाला.

दोन दिवसांनी भाग्यश्रीचा फोन आला. माझे सगळे आवाज ती एकापाठोपाठ एक ऐकत बसली होती. "अम्मा, ज्येष्ठापासून चार दिवस असे आहेत, की आवाज एकदम मोकळा. हातपण चांगला, पायपण चांगला. तारखा बघितल्या, तर चारी पौर्णिमा. तुम्ही पौर्णिमेला काय करता?"

मी सांगितलं. विहारात अष्टशील, म्हणजे त्या दिवसाचे आठ नियम, घेते, पांढरी साडी, ध्यान.

"आणि खाण्याचं?"

"दुपारी बाराच्या आत जेवायचं. त्याच्यानंतर काही खायचं न्हाई. गोळी नुसत्या गूळपाण्याबरोबर."

"आणि एरवी?"

एरवीचं यांनीच कौतुकाने सांगितलं. वरण, तूप, अंडं, पेलाभर दूध आणि वर गोळी.

मग ती म्हणाली, "अम्मा, डाळ, दूध, अंडं पोटात असलं की काही माणसांना ही गोळी नीट लागत नाही. मी डॉक्टरांना विचारून सांगते." डॉक्टरांचाच फोन आला. गोळी पाण्यासोबत घ्या, जेवण तासाभराने करा, मळमळलं तर कळवा. काही दिवस खाऊन घ्या असं सांगितलं होतं, ते काही दिवस आमच्याकडे तीन वर्षं चालले होते.

कारण शोधल्याशिवाय काही मानू नका, हे अकरा वर्षं मी लोकांना वाचून दाखवत होते. स्वतःच्या आवाजाचं कारण मात्र चंद्रावर सोपवून मोकळी झाले होते.

हे उठून चुलीपाशी जाऊन बसले. वरणाचं पातेलं तयार होतं. कितीतरी वेळ झाकणाकडे बघत होते. "म्हंजे मीच तुझा आवाज बंद करायलो होतो व्हय?"

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. बसायला वेळ लागला. म्हटलं, "तुमच्या वरणावर तीन वर्षं चालले मी. उठून आंघोळीला गेले ते कशाच्या जोरावर?" हे खोटं नव्हतं. भाग्यश्रीनेही पुन्हा फोन करून त्यांना खास सांगितलं, "अप्पा, वरण बंद करू नका हं. फक्त गोळीपासून लांब ठेवा." मी हसले. यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले, "हसायलीस वाटतं."

वाचणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, मी डॉक्टर नाही. माझं वाचून कुणी आपल्या गोळीची वेळ बदलू नये. सगळ्यांना असा फरक पडत नाही, मलाही सगळे दिवस सारखे नसतात. आपल्या डॉक्टरांना विचारा. पण विचारा. आम्ही तीन वर्षं विचारलंच नाही. आणि कुणी वहीत नोंद ठेवायला सांगितली तर खरी नोंद ठेवा. दुसऱ्या कुणासाठी म्हणून मी ती ठेवली होती, उपयोगी मलाच पडली.

साधा मंगळवार

मी मिलिंद अण्णांकडे आठवडा मागून घेतला. ते म्हणाले, "अक्का, घ्या की."

पहिले दोन दिवस मळमळलं. तिसऱ्या दिवशी जरा बरं. मग मंगळवार आला. पौर्णिमा नाही, सण नाही, उलट अमावस्या जवळ आलेली. साडी रोजचीच, हिरवी. पावणेसातला हे पाण्याचा पेला घेऊन उभे राहिले आणि मी गोळी घेतली. जेवण दोघांचंही वाचनानंतर, ते त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. मी म्हटलं, तुम्ही तरी जेवून घ्या, तुमचं काय अडलंय? तर म्हणाले, "चल, उशीर व्हायलाय."

साडेसातला वंदना झाली. मी ग्रंथ उघडला आणि वाचायला लागले. पाचव्या-सहाव्या ओळीला माझाच आवाज माझ्या कानाला लागला. माईकमधून आलेला नव्हे, माझा. त्या आनंदाच्या भरात मी पुढे पुढे जात राहिले. मागची रांग कुजबुजत नव्हती. पान संपलं, मी दुसरं उलटलं.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून, भिंतीपासून, गवंड्याचा तो चढा आवाज आला. "थांब. मधली एक ओळ सुटली."

सगळी वस्ती मागे वळली. एका म्हातारीने त्यांना दटावलं, मधे बोलू नये म्हणून. ते मान हलवत नव्हते. सरळ बसून माझ्याकडे बघत होते.

मी पान मागे उलटलं. खरंच सुटली होती. बोट ठेवून ती ओळ शोधली आणि शेवटच्या रांगेकडे बघत पुन्हा वाचली.